गाठ गेली, चेहरा राहिला

मेंदूतली गाठ काढून माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: जीव वाचला, हे काय थोडं झालं? तोंड वाकडं झालंय ते होईल हळूहळू सरळ. वाक्य मायेपोटी येतं आणि त्याचा पूर्वार्ध खराही असतो. उत्तरार्धाबद्दल तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. काहींचं तोंड खरोखर सरळ होतं, काहींचं अर्धवट होतं, आणि काहींच्या चेहऱ्याची ती बाजू पुढची वीस-तीस वर्षं तशीच राहते. जीव वाचल्याच्या मोबदल्यात मोजलेली ही किरकोळ किंमत आहे, असं घरचे धरून चालतात, पुष्कळदा डॉक्टरही धरून चालतात, आणि त्या समजुतीत उपचाराची वेळ टळून जाते. गाठ निघाल्यावर गाठीचा आजार संपतो, पण चेहऱ्याचा तिथून सुरू होतो. त्याला स्वतःचं वेळापत्रक आहे आणि ते पाळलं नाही तर पुढे कितीही पैसा ओतून भरपाई होत नाही, हे या लेखात मांडायचं आहे.

मेंदूच्या सगळ्याच शस्त्रक्रियांत चेहऱ्याला धोका नसतो. तो मुख्यतः असतो कानाच्या मागे, लहान मेंदू आणि मेंदूचा देठ यांच्यामधल्या अरुंद कोपऱ्यातल्या गाठींमध्ये. तिथं सर्वांत जास्त आढळते ती व्हेस्टिब्युलर श्वानोमा; अकूस्टिक न्यूरोमा हे तिचं जुनं नाव अजून प्रचारात आहे. ही गाठ कॅन्सरची नव्हे. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून ती उगवते आणि सहसा फार सावकाश वाढते. एका कानानं कमी ऐकू येणं, कानात सतत शिट्टीसारखा आवाज, चालताना झोक जाणं, अशा तक्रारींवर बरीच वर्षं निघून जातात. चेहरा हलवणारी सातवी नस आणि ऐकण्याची व तोलाची आठवी नस मेंदूतून शेजारी-शेजारी निघतात आणि कानाच्या हाडातल्या जेमतेम एक सेंटिमीटर लांबीच्या बोगद्यात एकत्र शिरतात. गाठ फुगत जाते तशी सातवी नस ताणली जाते, चपटी होते, गाठीच्या अंगावर पसरते. तिच्यातले सात ते दहा हजार तंतू हा ताण वर्षानुवर्षं निमूट सोसतात, इतके की गाठ मोठी झाली तरी चेहरा बहुधा ठीकठाकच असतो. म्हणजे माणूस ऑपरेशन थिएटरमध्ये जातो तो पूर्ण चेहरा घेऊन, आणि बाहेर येतो तेव्हा अर्धा बंद पडलेला असतो. आजारानं चेहरा नेला असता तर मनाची थोडी तयारी तरी झाली असती.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला सुरुवातीपासून ठाऊक आहे. लंडनचे सर्जन चार्ल्स बॅलन्स यांनी 1894 मध्ये या कोपऱ्यातली गाठ काढली आणि रोगी जगली. गाठ नेमकी कोणत्या जातीची होती यावर नंतर वाद झाले, पण या भागातल्या यशस्वी शस्त्रक्रियांचा इतिहास बहुधा तिथून सांगितला जातो. त्या बाईंचा चेहरा त्या बाजूनं लुळा पडला, डोळ्याची संवेदनाही गेली आणि पुढे तो डोळा काढावा लागला. यशाच्या पहिल्याच नोंदीत ही किंमत लिहिलेली आहे. त्या काळी निम्म्याहून जास्त रोगी टेबलावर किंवा त्यानंतरच्या दिवसांत दगावत, त्यामुळे चेहऱ्याचा विचार करायला कुणाला उसंत नव्हती. हार्वे कुशिंग यांनी गाठ आतून पोखरून कवच तसंच ठेवण्याची रीत आणली आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं. 1917 मधलं त्यांचं या गाठीवरचं पुस्तक आजही उल्लेखलं जातं. वॉल्टर डँडी यांचा आग्रह उलट होता, गाठ समूळ काढा, आणि त्यात चेहऱ्याची नस बहुधा बळी जाई. 1960 च्या दशकात विल्यम हाउस यांनी शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक आणि कानाच्या हाडातून जाणारी वाट वापरात आणली, तेव्हा नस डोळ्यांना नीट दिसू लागली. मग शस्त्रक्रिया चालू असतानाच चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया ठेवून नसेचे विद्युत संकेत ऐकण्याचं तंत्र आलं. आणि गेल्या काही दशकांत तर अनेक नामांकित सर्जन नसेला घट्ट चिकटलेला गाठीचा पापुद्रा मुद्दाम मागे ठेवतात, त्यावर एमआरआयनं लक्ष ठेवतात, वाढला तर गॅमा नाइफसारखे किरण देतात. समूळ गाठ काढण्याचा मोह सर्जनला सहज सोडवत नाही. तो त्यांनी चेहऱ्यासाठी सोडला, यातच चेहऱ्याला ते किती मोल देतात हे कळतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ज्याला एवढं मोल, ते वॉर्डातून घरी जाताना अचानक किरकोळ कसं होतं, हा माझा प्रश्न आहे.

सगळ्यात आधी डोळा. पापणी उघडते ती तिसऱ्या नसेच्या जोरावर आणि मिटते सातव्या नसेच्या. सातवी बंद पडली की डोळा उघडा तो उघडाच. जागेपणी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो आणि दर वेळी बुबुळावर अश्रूंचा हात फिरतो. तो थांबला की बुबुळ कोरडं पडतं, धूळ तशीच बसून राहते, ओरखडे उठतात, जखम होते, आणि जखम चिघळली तर नजर जाते. गंमत अशी की हाच कोरडा डोळा गालावर सतत ओघळत असतो, कारण खालची पापणी सैल पडून बाहेरच्या बाजूला वळते आणि पाणी निचरा होण्याच्या छिद्राशी पोचतच नाही. डोळ्याला पाणी येतंय म्हणजे ओलावा भरपूर आहे, असं समजून थेंब बंद करणारे लोक आहेत. गाठ मोठी असेल तर पाचव्या नसेलाही धक्का बसतो, मग डोळ्याला दुखणंच कळत नाही. आत कण गेलाय आणि माणूस निवांत पेपर वाचतोय. ही जोडी सर्वांत घातक. यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जाड मलम आणि पापणी नीट मिटवून लावलेली पट्टी, बाहेर पडताना बाजूनंही झाकणारा गॉगल. आपल्याकडच्या धुळीच्या रस्त्यांवर दुचाकीमागे बसायचं तर तो गॉगल चैनीचा म्हणता येणार नाही. नस लवकर परतणार नसेल तर वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅमभर वजनाची सोन्याची किंवा प्लॅटिनमची चकती शिवतात. पापणी वजनानं खाली येते. सोनं लोहचुंबकाला जुमानत नाही, त्यामुळे पुढच्या एमआरआयना अडथळा येत नाही. मात्र हे काम गुरुत्वाकर्षणाचं असल्यानं माणूस आडवा झाला की चकतीचा जोर ओसरतो आणि रात्रीचं मलम सुटत नाही. इतका तपशील मुद्दाम दिला, कारण हा भाग सौंदर्याचा आहे असं म्हणणाऱ्यानं निदान डोळ्यापाशी तरी थांबून विचार करावा.

तोंडाचं गाऱ्हाणं कमी गंभीर वाटतं, पण ते दिवसातून कितीतरी वेळा समोर येतं. ओठ एका बाजूनं मिटत नाहीत, त्यामुळे चूळ भरली की पाणी त्या कोपऱ्यातून पिचकारीसारखं उडतं. चहाचा घोट हनुवटीवर येतो. गालाचा स्नायू घास दातांखाली ढकलत नाही, मग भात आणि पोहे गाल व हिरडीच्या मधल्या खळग्यात साचतात आणि ते बोटानं काढावे लागतात. पंगतीत हे कसं करायचं? मराठीचा अख्खा पवर्ग ओठांवर उभा आहे. पपई, बाबा, मामी, भाकरी हे शब्द फोनवर पुन्हा सांगावे लागतात. त्यात त्या बाजूचा कान बहुधा गाठीनं किंवा शस्त्रक्रियेनं गेलेला असतो. म्हणून असा माणूस बैठकीत बसण्याची जागा निवडून घेतो, बोलणारा आपल्या चांगल्या बाजूला राहील अशी. बाहेरच्याला तो तुटक किंवा शिष्ट वाटतो.

आता पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. तोंड वाकडं झालेले कितीतरी लोक आपोआप बरे होतात, मग घाई कशाला? आपल्याकडे प्रत्येक कुटुंबाला वारं जाऊन तोंड फिरलेला आणि महिन्या-दोन महिन्यांत सुधारलेला कुणीतरी माहीत असतो. ही उदाहरणं खरी आहेत, पण ती बहुतांशी बेल्स पाल्सीची आहेत. तिच्यात नस सुजते, तुटत नाही. काहीही उपचार न करता साधारण 70 टक्के लोक पूर्ण बरे होतात. गाठीच्या शस्त्रक्रियेत नस ताणलेली, चिरडलेली, कधी रक्तपुरवठा तुटलेली, कधी कापलेलीच असते. दोन्हींत चेहरा बाहेरून सारखाच दिसतो, आजार मात्र वेगळा. अर्थात शस्त्रक्रियेनंतर सुधारणारेही आहेत. हॉलिवूडचा अभिनेता मार्क रफलो याची अशीच गाठ 2001 च्या सुमारास काढली. डाव्या बाजूचा चेहरा लुळा पडला आणि काही महिन्यांनी परतला, त्या बाजूचा कान मात्र गेला. नस अखंड असेल तर थांबणं शहाणपणाचंच आहे. पण किती थांबायचं? नसेचा तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मेंदूच्या देठापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत दहा-बारा सेंटिमीटरचं अंतर धरलं तरी पहिली हालचाल दिसायला चार महिने सहज लागतात, एरवी त्याहून जास्त. दुसऱ्या बाजूनं, ज्या स्नायूला नसेचा संदेश मिळत नाही तो झिजत जातो आणि दीड-दोन वर्षांत त्याची जागा तंतुमय ऊती घेते. त्यानंतर नस जोडून काही साधत नाही, कारण हलायला स्नायूच उरलेला नसतो. म्हणून बरेच तज्ज्ञ नस शाबूत असल्याचं सर्जननं लिहून दिलं असलं तरी वर्षाची मर्यादा घालतात, आणि सहा महिन्यांत कसलीही हालचाल नसेल तर तेव्हाच पुढची बोलणी सुरू करावीत असा अलीकडचा कल आहे. नस तुटलीच असेल तर वाट पाहण्याला अर्थच नाही.

ही मुदत पाळली तर हाती बरंच काही असतं. जिभेच्या नसेचा काही भाग चेहऱ्याच्या नसेला जोडता येतो. जर्मनीत व्हेर्नर कोर्टे यांनी 1901 मध्ये हे करून दाखवलं होतं. पूर्वी त्यात जिभेची अर्धी बाजू जायची, आता नस उभी चिरून थोडीच वापरतात. चावण्याच्या स्नायूची नस जोडण्याची पद्धत अलीकडे जास्त रुळली आहे. तिचं फळ काही महिन्यांत दिसतं, आणि माणूस दात आवळून हसायला शिकतो, मग सरावानं न आवळताही हसतो. पायाच्या पोटरीतली संवेदनेची नस काढून निरोगी गालावरून आजारी गालापर्यंत नेता येते, म्हणजे दोन्ही बाजू एकाच भावनेवर हलतात. मुदत उलटून गेली असेल तर मांडीतला एक पातळ स्नायू त्याच्या रक्तवाहिन्या आणि नसेसकट गालात बसवतात. जपानचे किओनोरी हारी यांनी 1976 मध्ये ही वाट खुली केली. हे मोठं काम आहे, ते करणारे हात मोजके आहेत, आणि हसू येतं ते पूर्वीचं नसतं. पण दीड वर्षाच्या आत आलेल्या माणसापुढे चार-पाच पर्याय असतात आणि चार वर्षांनी आलेल्यापुढे एक-दोन. फरक पडतो तो बहुधा कुणीतरी वेळेवर सांगितलं की नाही याचा.

नस परतली म्हणजेही सुटका झाली असं नाही. वाढणारे तंतू आपापला जुना स्नायू शोधत जात नाहीत. जुन्या वाड्यातल्या वायरिंगमध्ये माजघराचं बटण दाबावं आणि दिवा ओसरीवर लागावा, तसं होतं: हसायला गेलं की डोळा मिटतो, डोळा मिटला की ओठाचा कोपरा ओढला जातो, काहींना जेवताना डोळ्यातून धार लागते. लुळा गाल नंतर उलट आखडतो, मानेतली दोरी ताठ होते. या टप्प्यावर आपल्याकडचा रूढ सल्ला नेमका चुकीच्या दिशेनं जातो. फुगे फुगवा, च्युइंगगम चघळा, जोर लावून गाल फुगवा, आणि रोज करंट घ्या. करंटबद्दल सांगायचं तर, बेल्स पाल्सीवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात त्याचा ठोस फायदा दिसला नाही, आणि गाठीनंतरच्या लकव्यासाठी तर पुरावा त्याहून तुटपुंजा आहे. जोर लावून केलेल्या व्यायामानं चुकीच्या जोडण्याच पक्क्या होतात, असा चेहऱ्याचं पुनर्वसन करणाऱ्या तज्ज्ञांचा अनुभव आहे. ते शिकवतात ते उलटं: आरशासमोर, अगदी सावकाश, अगदी थोडी हालचाल, ओठ हलवताना डोळा शांत ठेवायचा. नेदरलँड्समध्ये मूकाभिनयाचे कलावंत आणि वैद्यक यांनी मिळून याचीच एक पद्धतशीर उपचारपद्धती केली. जोडीला अतिउत्साही स्नायूंत बोटॉक्सची छोटी मात्रा देतात आणि ती दर काही महिन्यांनी पुन्हा द्यावी लागते. सुरकुत्या घालवण्याचं औषध म्हणून बोटॉक्सची ओळख झाल्यामुळे विम्याच्या कागदावर हे नाव दिसलं की भुवई वर जाते, हा आणखी एक ताप.

दुसरा आक्षेप शहाण्या लोकांकडून येतो. डोळ्याचं ठीक आहे, पण हसण्यासाठी नसा जोडणं आणि मांडीचे स्नायू काढणं म्हणजे दिसण्याचे लाड नव्हेत का? मला हा आक्षेप अर्धाच कळतो. दिसणं आणि सांगणं या चेहऱ्याच्या दोन कामांची त्यात गल्लत झाली आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये लिसा इशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना लकवा झालेल्या माणसांचे फोटो दाखवले, तेव्हा हसऱ्या चेहऱ्यांवरही त्यांना राग, नाराजी असे नकारात्मक भाव दिसले. म्हणजे हा माणूस आनंदानं हसतो आणि समोरच्याला ते तुच्छतेनं ओठ मुडपल्यासारखं वाटतं. दुकानदार, बँकेतला कारकून, शिक्षक, मुलाखत देणारा उमेदवार यांचं पोट भेटीच्या पहिल्या दोन क्षणांवर चालतं. कॅनडाचे नेते जाँ क्रेत्यँ यांचं तोंड लहानपणच्या बेल्स पाल्सीनं वाकडं होतं. 1993 च्या निवडणुकीत सत्तेवरच्या प्रतिस्पर्धी पक्षानं त्यांच्या चेहऱ्याचे फोटो दाखवणारी जाहिरात टीव्हीवर लावली. लोक इतके चिडले की ती लगोलग मागे घ्यावी लागली, आणि क्रेत्यँ पंतप्रधान झाले. हे उदाहरण चेहऱ्याचं महत्त्व नाकारायला नेहमी पुढे केलं जातं. पण चेहरा दाखवला की मतं जातील, असं जाहिरात करणाऱ्या धंदेवाईक डोक्यांना वाटलं होतं, हेही त्याच उदाहरणात आहे. आणि क्रेत्यँना लोक तोवर तीस वर्षं ओळखत होते. लोकलमध्ये शेजारी बसलेल्याला ती सवलत मिळत नाही.

यातूनच तिसरा, आणि मला सर्वांत आदरणीय वाटणारा आक्षेप उभा राहतो: बदलायचं तर समाजानं बदलावं, माणसाच्या चेहऱ्यावर सुरी का चालवायची? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथलीन बोगार्ट यांना जन्मतःच चेहऱ्याचा लकवा आहे, आणि त्यांचं संशोधन याच प्रश्नाभोवती आहे. त्यांना असं दिसलं की जन्मापासून लकवा असलेले लोक आवाजातले चढउतार, हातवारे, शब्दांची निवड यांतून भाव पोचवण्यात तरबेज असतात, आणि मध्येच लकवा आलेले लोक या साधनांचा वापर कमी करतात. जे ही साधनं वापरतात त्यांच्याबद्दल समोरच्याचं मतही चांगलं होतं. म्हणजे हे शिकता येतं आणि शिकवता येतं. लकवा जितका तीव्र तितकं मनाचं दुःख मोठं, असा सरळ हिशोबही नसतो. थोडं वाकडेपण असलेला माणूस खचतो आणि पूर्ण लुळा चेहरा घेऊन दुसरा वर्गात शिकवतो. म्हणून शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्याचा निर्णय तितकाच वैध आहे. माझी अट एकच: तो निर्णय पर्याय समोर असताना घेतलेला असावा. मुदत टळून गेल्यावर आलेल्या हतबलतेला स्वीकार म्हणणं म्हणजे त्या माणसाची थट्टा आहे. आणि समाज बदलायचा तर कायद्यालाही हा माणूस दिसला पाहिजे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. अ‍ॅसिड हल्ल्यानं विद्रूप झालेल्यांचा त्यांत योग्य समावेश आहे, चेहऱ्याच्या लकव्याचं नाव नाही. श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांची आहे, एक कान पूर्ण गेलेला त्यात बसत नाही. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यानं गंभीर विद्रूपता हीच अपंगत्व मानली आहे, कामात अडथळा येतो हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

उरला पैशाचा आणि माणसांचा प्रश्न. आपल्याकडे हे परवडेल का? इथं आपलाच एक जुना अनुभव विसरला जातो. कुष्ठरोगातही सातव्या नसेच्या फांद्या मरतात आणि डोळा मिटेनासा होतो. कानशिलावरच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी पापण्यांपर्यंत आणून दात आवळले की डोळा मिटेल, अशी शस्त्रक्रिया भारतातल्या कुष्ठरोग रुग्णालयांत गरिबांतल्या गरिबावर होत आली आहे, आणि तीही रोग्याला नव्यानं डोळा मिटायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपीसकट. वेल्लोरला पॉल ब्रँड, पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईत जेजे रुग्णालयात नोशिर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांसाठी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. अँटिया इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलिस यांच्या हाताखाली शिकलेले, आणि चेहऱ्याच्या लकव्यात कानशिलाचा स्नायू वापरण्याच्या कामात गिलिस यांचं नाव आरंभीच्यांत येतं. तेव्हा कसब देशात आहे. तुटलेली आहे ती न्यूरोसर्जरीच्या वॉर्डापासून प्लास्टिक सर्जन, नेत्रतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टपर्यंतची वाट, आणि ती जोडायला फार खर्च येत नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या एमआरआयची तारीख असते. त्याच कार्डावर नस शाबूत आहे की तुटली हे एका ओळीत, डोळ्याचं मलम आणि पट्टी कशी लावायची ते, पहिल्या आठवड्यातल्या नेत्रतपासणीची तारीख, आणि सहाव्या महिन्याला चेहऱ्याच्या स्नायूंची विद्युत तपासणी (ईएमजी) करून नस जोडायची की नाही हे ठरवण्याची तारीख लिहिता येते.